बायबलबाईंची साक्ष

७ एप्रिल १९९१, ईस्टरनंतरचा रविवार, पनवेल. हजर: पाळकसाहेब, तिघे पंच, भगिनी मंडळाच्या आम्ही सगळ्या आणि चर्चच्या आवारातली चिंच. चिंचेची हजेरी बायबलबाईंनी लावायला सांगितली. सेक्रेटरी मी असले, तरी हजर कोण ते त्या ठरवत.

प्रार्थनेत सगळी मंडळी ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणाली की मागून बाईंचा एकटा आवाज येई, ‘आणि आई.’ पाळकसाहेब तेवढ्यापुरते थांबत. भांडण्यापेक्षा थांबणं लवकर उरकतं, असं ते म्हणत.

बाई पुण्याला धर्मशास्त्र शिकून आलेल्या. घरोघरी बायकांना बायबल शिकवण्यात उमर गेली, पण उपदेश कधी करायला मिळाला नाही. आमच्याकडे बाईने ‘साक्ष’ द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते खाली उभं राहून थोडक्यात सांगायचं. उपदेश पुरुषाने करायचा, वर उभं राहून. एकदा तरी उपदेश करावा ही बाईंची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे ती सोयीने विसरत.

भक्तीनंतर पंच चिंच तोडायचं ठरवणार होते. त्यांच्यातले साळवेकाका विचुंब्याहून नव्या स्कूटरवर येत आणि चिंचेवरचे कावळे तिला नेमाने आशीर्वाद देत. म्हणून तिथे शेड हवी होती. बाईंनी साक्षीसाठी पाच मिनिटं मागितली आणि पाऊण तास बोलल्या.

“उठलेला प्रभू पहिल्यांदा दिसला कोणाला? बाईला. तिला तो कोण वाटला? माळी. तुम्ही म्हणता, तिची चूक झाली. मी म्हणते, तिने बरोबर ओळखलं. आता माळ्याचं झाड त्याला न विचारता तोडा, आणि वर गेल्यावर सांगा, साळवेकाका, की स्कूटर नवी होती.”

मंडळी हसली. साळवेकाका जरा उशिरा हसले, पण मोठ्याने. चिंच वाचली आणि स्कूटरवर जुनी चादर आली.

इतिवृत्तात मी ‘उपदेश’ लिहिलं. पुढच्या बैठकीत पंचांनी ते खोडून ‘साक्ष’ केलं, आणि त्या साक्षीला मान देऊन चिंच राखायचा ठरावही केला. मी चिडले. बाई म्हणाल्या, “सेक्रेटरीबाई, चिंच पिकायला वेळ लागतो. आधीच दात आंबवून घेऊ नका.”

बाई आता नाहीत. ‘पित्या’नंतर मंडळी अजून थांबते. तिथे हल्ली साळवेकाका घसा खाकरल्यासारखं ‘आणि आई’ म्हणून घेतात.

दर वार्षिक सभेला मी विषय मांडते: ‘साक्ष’ खोडून पुन्हा ‘उपदेश’ लिहिणे. अजून शिल्लक.