ट्रेलरमधली न्हाणी

फुकट मिळणाऱ्या वस्तूला माझा नवरा कधी नाही म्हणत नाही. त्यामुळे मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावातले आमच्या ओळखीचे एक डॉक्टरकाका त्याला म्हणाले, "माझ्या बॅकयार्डमधला ट्रेलर घेऊन जा यार, मी सुटेन," तेव्हाच पुढे काय होणार हे मला कळून चुकलं. काकांनी तो मुलं लहान असताना हौसेने घेतला होता. गाडीमागे जोडायचा आणि गावोगाव हिंडायचं, आतच झोपायचं, आतच शिजवायचं. मग मुलं मोठी झाली, त्यांना आईबापांबरोबर फिरायची लाज वाटायला लागली आणि ट्रेलर कित्येक हिवाळे मेपलच्या झाडाखाली तसाच उभा राहिला. आम्ही दार उघडलं तर कुबट वासाचा भपकारा आला. गाद्यांमध्ये उंदरांनी संसार थाटले होते. छत गळून भिंतींचं प्लायवूड फुगलं होतं आणि पाय ठेवला की जमीन दबायची.

"स्ट्रक्चर मजबूत आहे," नवरा म्हणाला. मी नाकाला रुमाल लावून बाहेर आले.

पण या वेळी नुसती फुकटची हौस नव्हती. त्या एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या होत्या. त्यांचं सोवळं कडक. आंघोळ केल्याशिवाय शेगडीजवळ जायचं नाही आणि स्वतःच्या किंवा माझ्या हातचं सोडून कुणाचं शिजवलेलं खायचं नाही. माझ्या हातचं चालायचं, आवडायचं असं मात्र नाही. मे महिन्यात आम्ही त्यांना नायगाराला नेलं, तर तिथे त्या केळी आणि शेंगदाण्यांवर राहिल्या. परत निघायच्या दिवशी मोटेलमध्ये त्यांना घेरी आली. त्या मटकन खाली बसल्या आणि नवरा पांढराफटक पडला. त्यानंतर त्या घराबाहेर पडेनात आणि त्यांना एकटं सोडून आम्हीही कुठे जात नसू. शेवटी एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "माझं ऑक्टोबरचं तिकीट अलीकडे आणता येतं का बघ. माझ्यापायी तुम्ही दोघं अडकून पडलात."

नंतर गॅरेजमध्ये नवरा मला म्हणाला, "आई एवढ्या लांब आली आणि माझ्या घराच्या चार भिंती बघून परत जाणार." वडील गेले तेव्हा त्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं. त्याबद्दल तो कधी बोलत नसे, पण त्या दिवशी त्याच्या आवाजात ते ऐकू आलं. मला फार वाईट वाटलं. आई बाहेरचं खात नाही ना, मग स्वयंपाकघरच बरोबर न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. मी ट्रेलरला हो म्हटलं.

मग आमच्या सगळ्या संध्याकाळी त्या खटाटोपात गेल्या. त्याने सडकं प्लायवूड उचकटून नवं बसवलं, छपराच्या फटी बुजवल्या, टायर बदलले, गॅसची नळी माहितगार माणसाकडून तपासून घेतली. शेगडीवरचा तेलकट थर मी खरवडला आणि गाद्यांना नवे अभ्रे शिवले. सासूबाई खिडकीतून बघायच्या. "त्या डबड्यापायी कशाला जिवाचं रान करता?" एवढंच म्हणायच्या.

शेगडी पेटायला लागली त्या शनिवारी नवरा त्यांना हाताला धरून घेऊन आला. त्यांनी पायरीशी चपला काढल्या, नऊवारी सावरत आत आल्या. शेगडी पाहिली, सिंकचा नळ सोडून पाहिला, खण उघडून पाहिले. "आटोपशीर आहे," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याने माझ्याकडे अशा काही ऐटीत पाहिलं की विचारू नका. मग त्यांनी शेगडीच्या समोरचं अरुंद दार उघडलं. आत टॉयलेट होतं. त्यांनी दार लावलं.

"संडासासमोर अन्न शिजवायचं?"

"आई, खाली बंद टाकी असते. केमिकल घालतात. एकदम हायजिनिक आहे."

"असेल की. तुझं सगळं खरं असेल. मी नाही इथे शिजवणार." त्या चपला घालून घरात निघून गेल्या.

नवऱ्याने हातातला पाना पेटीत टाकला आणि मग आठवडाभर ट्रेलरकडे फिरकला नाही. सासूबाईंनी पुन्हा तिकिटाचं विचारलं. त्याने मुकाट्याने एजंटला फोन लावला. ऑगस्टअखेरीची एक जागा मिळाली आणि एजंटने ती थोडे दिवस धरून ठेवली. घरात तिघंही एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो.

मला दोघांचाही राग आला होता. पण खरं सांगायचं तर त्या टॉयलेटचा जास्त आला होता. ती टाकी प्रवासात कोण धुणार, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "अहो, काढून टाका ते."

"टॉयलेटशिवाय ट्रेलर? लोक वेड्यात काढतील."

"काढू देत. कॅम्पग्राउंडवर टॉयलेटं असतात."

कुरकुरत त्याने ते उचकटलं. खालची फळी इतकी सडली होती की त्याचा हातोडा आरपार गेला. पाणी गळून लाकडाचा नुसता भुगा झाला होता. आता या रिकाम्या कोनाड्याचं काय करायचं, ते मी सासूबाईंनाच विचारायला गेले. त्या आल्या, आत उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून भिंती चाचपल्या.

"इथनं पाणी बाहेर जाईल का?"

"सिंकच्या पाइपला जोडता येईल," नवरा म्हणाला.

"मग न्हाणी कर. बादली आणि तांब्या मावेल. आंघोळ झाली की मी लगेच स्वयंपाकाला मोकळी."

मग त्या घरात थांबेनातच. नव्या जमिनीवर त्या तांब्याने पाणी ओतायच्या आणि उकिडव्या बसून बघायच्या. "तुंबतंय. उतार कमी आहे," म्हणायच्या. नवरा सगळं उखडून पुन्हा करायचा, तेही शीळ वाजवत. मी त्याला इतका खुशीत कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. डॉक्टरकाका बघायला आले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "टॉयलेट कॅन्सल करून मोरी केली? धन्य आहात."

ऑगस्टमध्ये आम्ही मिशिगन लेकच्या काठी जाऊन राहिलो. शेजारच्या ट्रेलरमधल्या बाईंना आमचा ट्रेलर आतून बघायचा होता. न्हाणी बघून त्यांनी विचारलं, कुत्र्याला धुवायची जागा का? ते मी सासूबाईंना मराठीत सांगितलं नाही. त्या सकाळीच आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून शेगडीपाशी उभ्या होत्या. वरणभात झाला, बटाट्याची भाजी झाली. ताट घेऊन त्या बाहेर बसल्या आणि पाण्याकडे बघत बघत पोटभर जेवल्या.

"पलीकडचा काठ दिसत नाही रे."

"नाही दिसत."

जेवण झाल्यावर नवऱ्याने घसा साफ केला. "आई, सोमवारी एजंटला सांगायचंय. ती ऑगस्टची सीट पक्की करू ना?"

सासूबाई ताट विसळायला उठल्या. "ती झाडं लाल होतात म्हणतोस, ती कधी?"

"ऑक्टोबरात."

"तेव्हा गार असेल. न्हाणीत पाणी तापवायची काहीतरी सोय कर."

नवरा टेप घेऊन ट्रेलरमध्ये गेला आणि न्हाणीचं माप घ्यायला लागला. ते माप त्याला तोंडपाठ होतं. मी सासूबाईंना बाहेरच बोलण्यात गुंतवून ठेवलं, कारण आत तो भिंतीकडे तोंड करून रडत होता.