आठवी-बच्या यादीतली आई

शाळेचं वर्षअखेरचं पत्र आलं ते माझ्या बायकोच्या फोनवर. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, आणि तिला जाऊन चार महिने होत आले होते.

तिचा फोन मी चालू ठेवला होता, कारण मुलीच्या शाळेचे सगळे निरोप त्याच नंबरवर यायचे. आठवी-बच्या पालकांचा ग्रुप. पालकांचा म्हणायचं आपलं, होत्या सगळ्या आयाच. नंबर बदलून द्यायला किती वेळ लागतो? एक अर्ज, दोन ओळी. पण ते करायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ती गेली हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं.

दिल्लीत राहणारी आपली माणसं इथे वीस-वीस वर्षं काढतात, पण मोठं दुखणं आलं की पुण्याचं तिकीट काढतात. देशभरातून लोक उपचारांसाठी इकडे येतात, आणि आम्ही इथून उठून तिकडे. मी भांडलो होतो त्यावरून. तिने ऐकलं नाही. "इथे मला धड रडताही येत नाही. हिंदीत काय रडू?" असं हसत म्हणाली आणि दसऱ्याच्या आधी माहेरी गेली. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी सगळं संपलं. जे काही करायचं ते तिकडेच केलं. ऑफिसात मेव्हण्याने कळवलं. आर. के. पुरमच्या आमच्या कॉलनीत शेजारच्या बाईंना त्याच्या बायकोने फोन केला. मुलीला सांगितलं तेही तिनेच, म्हणजे मुलीच्या मामीने, जवळ घेऊन. मी तेव्हा हॉस्पिटलच्या खिडकीशी कागदांवर सह्या करत होतो. त्यामुळे ते एक वाक्य माझ्या तोंडाने मला कोणालाच सांगावं लागलं नाही. जमलंही नसतं.

परत येताना विमानात मुलगी म्हणाली, "बाबा, शाळेत नको ना सांगूस. सगळे बिचारी बिचारी करतील. मला आठवी नॉर्मल पूर्ण करायचीय. नववीत सेक्शन बदलतात, मग बघू."

तेरा वर्षांची पोर. एवढं एकच मागत होती. मी हो म्हटलं. तिच्या रजेच्या अर्जात 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं. कॉलनीतलं कोणी तिच्या वर्गात नव्हतं, तेव्हा बोभाटा व्हायची भीती नव्हती. ग्रुपवर काही विचारलं की मी जुने मेसेज वर सरकवून बघायचो, ती काय लिहायची ते, आणि तसंच लिहायचो. 'जी मैम', जोडलेले हात, कधी एखादं फूल. पालकसभेला मी जायचो आणि "मैडम को काम था" म्हणायचो. लाज वाटायची. पण पोरीला शब्द दिला होता.

तर ते वर्षअखेरचं पत्र. लांबलचक होतं. परीक्षेचं वेळापत्रक, निकालाचा दिवस, लायब्ररीची पुस्तकं परत करा, हरवलेले स्वेटर नि डबे ऑफिसातून ओळखून घेऊन जा. मग आठवीच्या निरोपाची बातमी. मुलं मिडल विंगमधून सीनियर विंगमध्ये जातात त्या दिवशी प्रत्येक मुलाला त्याची आई दही-साखर भरवते, ही त्या शाळेची जुनी पद्धत. आपल्याकडे निघताना हातावर दही घालतात, तसंच. आणि शेवटी, स्वयंसेवक पालक हवेत: सजावटीला, नाश्त्याला, बुक बँकेला. खाली एक ओळ होती की गेल्या वर्षीची जबाबदारी ज्यांना पुढे चालू ठेवायची आहे, त्यांनी फक्त अंगठा पाठवावा.

मी सेक्शन ऑफिसर आहे. चोवीस वर्षं एकच धंदा केला. टेबलावर कागद आला की कोपऱ्यात 'पाहिले' म्हणून सही ठोकायची आणि पुढे सरकवायचा. अर्धे कागद वाचायचेच नसतात, हे ज्याने पाठवला त्यालाही माहीत असतं. सकाळी मेट्रोत दांडी धरून उभा होतो, बायकोचा फोन थरथरला, वरवर नजर टाकली आणि ठोकला अंगठा. केंद्रीय सचिवालय येईपर्यंत विसरूनही गेलो.

दोन दिवसांनी मुलगी शाळेतून आली तीच दप्तर फेकून.

"बाबा, तू काय केलंस यार!"

"काय केलं?"

"नोटीस बोर्डावर लिस्ट लागलीय. बुक बँक इन्चार्ज म्हणून आईचं नाव आहे. सगळ्यात वर!"

मी फोन काढून ते पत्र पहिल्यांदा नीट वाचलं आणि कपाळावर हात मारला. बुक बँक हे तिचं काम. तीन वर्षं करायची. घरोघरची जुनी पाठ्यपुस्तकं गोळा करायची, पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, फाटलेली पानं चिकटवायची आणि पुढच्या इयत्तेच्या मुलांसाठी संच बांधून ठेवायचे.

"वाचून तरी दाबायचं ना! तीन आठवडे राहिले होते फक्त. तीन आठवडे!"

"ओरडू नकोस माझ्यावर," मी म्हणालो. चूक माझी, आणि आवाज चढला तोही माझाच. मग मीच म्हणालो, "मी जाईन. तिच्याऐवजी."

"काय सांगशील?"

"सांगेन काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय, बाबा?"

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी शाळेच्या लायब्ररीत गेलो. चार बायका आणि वर्गशिक्षिका. पुरुष मी एकटाच. वर्गशिक्षिकेने माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "मैम नहीं आईं?"

इथे सांगता आलं असतं. पोरीला दिलेला शब्द होता हे खरं, पण नुसता शब्दच आड आला असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. ते एक वाक्य मला उच्चारवेना. "तबीयत ज़रा ठीक नहीं है," मी म्हणालो. "पुणे में हैं. इलाज चल रहा है."

"अरे, बताया भी नहीं!" बायका हळहळल्या. एकीने माझ्यापुढे खुर्ची सरकवली, दुसरीने खोडरबर दिलं. कोणती चिकटपट्टी पानाच्या कोणत्या बाजूने लावायची हे गेल्या वर्षी मैमनीच आम्हाला शिकवलं, असं त्या सांगू लागल्या. मैम दुपारच्या जेवणाला सगळ्यांसाठी थालीपीठ आणतात. मैमना पुस्तकाचं पान दुमडलेलं चालत नाही, त्या रागावतात. सगळं वर्तमानकाळात. मी मान डोलावत खोडत राहिलो. मुलं काय काय लिहितात पुस्तकांत! राजांना मिशा, नकाशावर क्रिकेटचा स्कोअर. एरवी हसलो असतो.

कपाटातून गेल्या वर्षीचे रिकामे पुठ्ठे काढले. संच बांधताना वर लावायचे ते. त्यांच्यावर तिचं अक्षर होतं. 'कक्षा सात, पूर्ण.' 'कक्षा सहा, गणित नहीं है.' बाई हिंदी लिहायची ती आपल्या मराठी वळणाने, ठासून. मी एका पुठ्ठ्यावर हात ठेवून बसलो ते कितीतरी वेळ. कोणी काही विचारलं नाही. आजारी बायकोचा नवरा आहे, असं समजून सोडून दिलं असेल.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मुलगी घरी आली ती हातात एक मोठं कार्ड घेऊन. वर्गाने केलं होतं. 'गेट वेल सून आंटी', रंगीत अक्षरांत, आणि खाली सगळ्या वर्गाच्या सह्या. तिने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"मला पण सही करायला लावली," ती म्हणाली.

मी पाहिलं. कोपऱ्यात, इवल्याशा अक्षरात, तिचं नाव होतं.

"बाबा, हे कुठे ठेवू?"

आपण काय करून बसलो हे त्या क्षणी कळलं मला. अंगठ्याची चूक होती, ती निस्तरता आली असती. लायब्ररीत मी जे बोललो ते मात्र या पोरीला वर्गात रोज निभवावं लागलं होतं. कोणी विचारलं 'आंटी कशा आहेत' तर ती काय सांगत असेल? "उद्या जाऊन मॅमना सांगतो," मी म्हणालो.

"नको. परवाच तर निरोप आहे. संपेल मग." तिने कार्ड उचललं आणि स्वतःच्या कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवलं.

निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये मुलं रांगेत उभी होती, समोर त्यांच्या आया, प्रत्येकीच्या हातात वाटी. मीही घरून वाटी घेऊन गेलो होतो. साड्या नेसलेल्या, नटलेल्या बायकांमध्ये ऑफिसच्या शर्टात मी. पोरीने लांबून हात केला, मला जरा बरं वाटलं. पाच मिनिटांचं काम, दही भरवायचं आणि चलो. निभावलं म्हणायचं.

तेवढ्यात वर्गशिक्षिका माइकवर आली. भली बाई. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. म्हणाली, आपल्या एक मैम आजारी आहेत, पुण्यात आहेत, पण आज त्यांच्याशिवाय हा कार्यक्रम व्हायचा नाही. आम्ही त्यांना व्हिडिओ कॉल लावतो, मोठ्या पडद्यावर, त्या तिथूनच आशीर्वाद देतील. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मी "नको, नको" म्हणायला तोंड उघडलं, पण तिने नंबर लावलासुद्धा.

बायकोचा फोन माझ्या खिशात होता. सवयीने दोन्ही फोन घेऊन निघालो होतो. तो वाजू लागला.

आधी कोणाला कळलं नाही. मग शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पलीकडचीने. मी फोन बाहेर काढला. त्याच्यावर शाळेचं नाव, आणि फोन वाजतोच आहे. बंदही करवेना, उचलवेना. एका हातात दह्याची वाटी, दुसऱ्या हातात तो फोन. वर्गशिक्षिका मंचावरून माझ्याकडे बघत होती. "सर," ती म्हणाली, "मैम का फोन आपके पास..."

मला बोलायचं होतं. देवाशप्पथ सांगतो, या वेळी मला खरंच बोलायचं होतं. "वो..." एवढाच शब्द आला. पुढे काही म्हणता काही येईना.

मुलगी रांगेतून निघाली आणि सरळ माझ्यापाशी आली. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि कॉल कापला. मग मंचाकडे तोंड करून, माइक नसताना, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मैम, मम्मी नहीं हैं. दिवाली के बाद से नहीं हैं. पापा की गलती नहीं है, पापा से बोला नहीं जाता."

आजवर मी समजत होतो की गुपित तिचं आहे आणि सांभाळतोय मी. जी गोष्ट ती इतके महिने जपत आली, ती तिने त्या सगळ्यांसमोर एका दमात टाकून दिली, माझ्यासाठी. आता होणार होतंच बिचारी बिचारी. सुरूही झालं होतं. तिच्या मैत्रिणी रडू लागल्या होत्या, वर्गशिक्षिका घाईघाईने पायऱ्या उतरत होती. मुलगी मात्र माझ्याकडे बघत ताठ उभी होती, माझं काय होतंय ते बघत.

मी वाटी खाली ठेवली आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो.

"आई गेली गं आपली," मी म्हणालो.

"हो बाबा," ती म्हणाली, आणि मग रडली.