निकालाच्या दिवशीचा बाजार

परवा एका लग्नासाठी आष्टीला गेले होते. बाजाराचा दिवस होता. ओल्या गोणपाटावर पसरलेली मेथी-कोथिंबीर, नवा गूळ आणि कढईत तळल्या जाणाऱ्या भज्यांचा एकमेकांत मिसळलेला वास एसटीतून उतरताच अंगावर आला, आणि मी मांडवाची वाट सोडून भाजीच्या ओळीकडे वळले. वास माणसाला किती अलगद मागे नेऊन ठेवतो. त्या गर्दीत मला एक उंच, ताठ कण्याचे वृद्ध गृहस्थ दिसू लागले. आज ते गावात फारसे कोणाला आठवतही नसतील.

मी तेव्हा तिथल्या शाळेत नुकतीच लागले होते. एका मारवाडी शेठजींच्या माडीवर माझी खोली होती आणि शेजारी भूगोलाच्या बाई वडिलांसह राहत. बाई एका दूरच्या, इवल्याशा संस्थानाच्या राजकन्या होत्या. हे त्या स्वतःहून कधी सांगत नसत. संस्थानं विलीन झाली तेव्हा राजांना तनखा आणि मानमरातब राज्यघटनेतच लिहून दिले होते. त्यांच्या मोटारीला नंबराऐवजी लाल पाटी असायची, वाढदिवसाला त्यांच्या मुलखात सुट्टी असायची. पुढे सरकारने हे सारं बंद केलं. कोर्टाने आधी राजांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा संसदेने घटनाच बदलली. त्या बदलालाही ज्या मोजक्या लोकांनी आव्हान दिलं, त्यांत बाईंचे वडील होते. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. तेवढ्या काळात राणीसाहेब गेल्या, बाई शिकून शिक्षिका झाल्या आणि वडिलांना आपल्याकडे घेऊन आल्या.

आम्ही सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचो. सकाळी अंघोळ आटोपून, बंद गळ्याचा कोट चढवून ते गॅलरीत बसत आणि खालचा रस्ता पाहत. पायऱ्या उतरून त्या रस्त्यावर मात्र कधी जात नसत. मला तो आधी ताठा वाटला. मागाहून कळलं, बाजारात जाऊन काय करायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "पैशाचं काही नाही," ते एकदा मला म्हणाले. "आम्ही राज्य दिलं, त्यांनी शब्द दिला. राज्य परत मागत नाही, शब्द मागतो आहोत." बाई शेजारीच वह्या तपासत होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्या हळूच म्हणाल्या, "तनखा थांबला म्हणून माझं ठरलेलं स्थळ मोडलं. मग मला कॉलेजात जाऊ दिलं. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

निकाल लागला तो दिवस बाजाराचाच. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतल्या रेडिओवर बातमी आली: घटनेतला बदल वैध, आव्हान फेटाळलं. बाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. आबासाहेबांचं हृदय अधू होतं, धक्का बसू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही दोघी जवळपास धावतच घरी आलो. गॅलरीतली खुर्ची रिकामी होती.

"साहेब तर कवाच गेले," खालून शेठजी म्हणाले. "दिल्लीहून वकिलाचा फोन आल्ता. बोलले, अन् मंग माझ्याकडून एक थैली मागून घेतली. बिलकुल शांत होते."

हा शांतपणाच आम्हाला भिववत होता. गावाबाहेरच्या विहिरीचा विचार दोघींच्याही मनात आला असणार, पण तो कोणी बोलून दाखवला नाही. मारुतीच्या पारापाशी पाहिलं, एसटी स्टँडवर पाहिलं. शेवटी भाजीच्या ओळीत तो बंद गळ्याचा कोट दिसला. आबासाहेब उकिडवे बसले होते आणि समोरची भाजीवाली त्यांना दटावत होती.

"आवं काका, थैलीचं तोंड नीट धरा की. वांगे खाली पडून राह्यले."

"आबासाहेब..." बाई धापा टाकत त्यांच्याजवळ पोचल्या.

त्यांनी वर पाहिलं. "आलीस? या म्हणतात, देठाला काटे असलेलं वांगं घ्यावं. ते ताजं." मग गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "कळलं ना? हरलो. आणि खरं सांगू, मी सुटलो. जिंकलो असतो तर तिकडे परत जावं लागलं असतं. तिथं आता माझं कोण आहे?"

त्यांच्या तोंडून 'मी' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मग खटला मागे का नाही घेतला?" बाईंनी विचारलं.

"सोबतच्यांना शेवटपर्यंत राहीन म्हणालो होतो. शब्दासाठी भांडणाऱ्या माणसाने स्वतःचा शब्द कसा मोडायचा?"

आणि मग तिथेच, गुळाच्या दुकानापुढे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात बाईंनी इतकी वर्षं गिळलेलं सगळं सांगून टाकलं: मोडलेलं स्थळ, कॉलेज, तो आनंद आणि त्या आनंदाची लाज. आबासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तू कॉलेजला निघालीस, तेव्हा मी खिडकीत उभा होतो. फाटकाबाहेर पडल्यावर तू पळत सुटलीस. तुला पळताना मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं."

बाई रडल्या, मग हसल्या. भाजीवालीने काही न विचारता वरून कोथिंबिरीची एक काडी थैलीत टाकली.

त्या रात्रीच्या भाजीत तिखट जास्त झालं होतं, तरी आबासाहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर ते स्वतःचं ताट उचलून मोरीकडे निघाले. बाई उठू लागल्या, तसं मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

सरकारने राजांना दिलेला शब्द पाळायला हवा होता का, हे मला अजूनही नीट ठरवता येत नाही. कोणी जन्मानेच मोठा नसावा, हेही तितकंच पटतं. मोठ्या कोर्टांत असे प्रश्न एकदाचे सुटतात, माणसांच्या मनात ते पुढेही बराच काळ चालू राहतात. त्या घरातला मात्र त्या दिवशी सुटला. पुढची काही वर्षं बापलेक ज्या मोकळेपणाने भांडत, हसत जगले, त्याचा आवाज भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचा, आणि तो ऐकत मला शांत झोप लागायची.