चांगला डॉक्टर

एका वेबसाइटसाठी आरोग्यावरचा सकाळपासूनचा तिसरा लेख लिहीत होते. मान अवघडली होती. समोर सासूबाई भिंतीला धरून टाचा वर-खाली करत होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर या व्यायामासाठी मी महिनाभर त्यांच्या मागे लागले होते.

"आज कशी काय सुरुवात केलीत?" मी विचारलं.

"मोबाइलवर वाचलं. चांगला डॉक्टर दिसतोय. तुझ्यासारखा टोकत नाही, नीट समजावतो."

लेख माझाच होता, मागच्या आठवड्यातला. आमच्या कामात लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. घरातला आवाज रोजचाच, म्हणून ऐकू येत नाही. परक्याचं तेच वाक्य माणूस चष्मा लावून वाचतो. याचं वाईट वाटून घ्यायचाही आता कंटाळा येतो. खरं सांगितलं असतं, तर त्या लगेच खुर्चीत बसल्या असत्या.

"किती वेळा करायचं लिहिलंय?"

"दहा."

"मग चारच वेळा झालंय," मी म्हटलं. "डॉक्टरांचं ऐका."