डाव्या मनगटातले बावन्न ठोके

भूत, चकवा, करणी, बाहेरचं - यातलं मी काही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. या धाग्यावर कुठल्या झाडावरून कोण उतरलं ते वाचून मला हसू येतं, राग मानू नका. पण गेल्या आठवड्यात इथे एका शहाण्याने लिहिलं की ज्यांना शरीराची माहिती नसते त्यांनाच असले अनुभव येतात... आणि माझं डोकं फिरलं. बाबा रे, मला माहिती आहे. उभा जन्म अँब्युलन्समध्ये काढलाय मी. आणि मला आलेला अनुभव शरीराचाच आहे, म्हणून तर तो सुटत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधली. वेळ सकाळी साडेअकराची. अमावस्या नाही, स्मशान नाही, पांढरी साडी तर मुळीच नाही. कडक ऊन आणि सडक्या कांद्याचा वास.

माझे वडील, आबा, त्या मार्केटमध्ये माथाडी. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्याला. बारावी सायन्सला मी दणकून आपटले आणि घरात बसायचं नाही म्हणून एका ट्रस्टच्या अँब्युलन्स अटेंडंटच्या कोर्सला नाव घातलं. सहा महिन्यांचा कोर्स, वर्ग शिरवण्यात एका किराणा दुकानाच्या माडीवर. बारा पोरं आणि मी एकटी मुलगी. वस्तीत बायका म्हणायला लागल्या, "पोरगी आता मढी वाहनार व्हय?" एरवी उठताबसता 'सुने' म्हणून हाक मारणारे आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा जोडीदार संपतकाका, गावापासूनचा, तो एका संध्याकाळी आला आणि म्हणाला, "आरं, आपण गोनी वाहतो, ती मानसं वाहील. वजन ते वजन. जाऊ दे पोरीला." आबांनी मान हलवली. त्या माणसामुळे मी या कामात आले, हे लक्षात ठेवा.

शिकवायला शेलार सर. फौजेतून निवृत्त, लष्करी दवाखान्यात नोकरी झालेली. फळ्यावर एक फाटका तक्ता टांगलेला, बाकी सगळं आमच्याच अंगावर शिकवायचे. नाडीचे त्यांचे नियम मला झोपेतून उठवलं तरी येतात. अंगठा लावायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते, फसवते. तीन बोटं लावायची. पूर्ण मिनिटभर, मोठ्याने मोजायचं. शंका आली तर दुसऱ्या हाताने स्वतःची मानेतली नाडी बघायची, दोन्ही वेगळ्या लागल्या पाहिजेत. आणि आकडा डोक्यात ठेवायचा नाही - मांडीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने वेळ आणि ठोके लिहायचे.

मी मोजायला लागले की वर्गातली पोरं खिदळायची. कारण मी एक-दोन-तीन म्हणायचेच नाही. मार्केटमध्ये ट्रक खाली करताना मापाडी मोठ्याने मोजतो, आणि तो पहिल्या गोणीला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ... दोन... तीन... मी लहानपणापासून आबांचा डबा घेऊन जायचे, तेच कानात बसलेलं. एक पोरगा म्हणाला, "सर, ही पेशंटची गोणी करतेय." सर म्हणाले, "करू दे. ठेका चुकत नाही तिचा. तुझा चुकतो."

आणखी एक धडा सांगते, तो पुढे लागणार आहे. सरांनी प्रत्येकाच्या दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधला आणि फुगवत नेला. दुसऱ्याने मनगटावर बोटं ठेवायची. पट्टा आवळला की मनगटातली नाडी बंद. सैल केला की परत चालू. सर म्हणाले, "रक्ताची नळी काखेतून दंडात उतरते, कोपरापाशी तिला फाटे फुटतात, एक अंगठ्याच्या बाजूने मनगटात येतो. वरचा नळ बंद, की खाली थेंब नाही. याला अपवाद नाही." बाराच्या बारा पोरांच्या हातावर मी ते करून पाहिलंय. कोणाच्या मनगटात काही लागलं नाही.

पाचव्या महिन्यात आमची गाडीवरची ड्युटी सुरू झाली. गाडी म्हणजे जुनी मॅटॅडोर. ड्रायव्हर बाळारामदादा, शिरवण्याचाच आगरी माणूस, तोंडाने फटकळ पण गाडीवर हात बसलेला. त्या दिवशी मोठा अटेंडंट आला नव्हता आणि मार्केटमधून फोन आला. मी एकटीच निघाले. नियमात बसत नव्हतं, ठाऊक आहे मला.

गाळ्यापाशी पोचलो तर गोण्यांची थप्पी कोसळलेली, गर्दी ही जमलेली. आणि टोळीतले दोघं एका माणसाला उचलून तिसऱ्याच्या पाठीवर चढवत होते... गोण चढवतात तसं! जन्मभर तेच केलेलं, दुसरं सुचणार काय? मी गाडीतून उडी मारून किंचाळले, "खाली ठेवा! मान मोडाल त्याची!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यातले एक आबा होते. आणि ज्याला चढवत होते तो संपतकाका.

मी हातगाडीची फळी मागवली, मान सरळ धरून त्याला फळीवर घेतलं, गाडीत घातलं. आबा सोबत चढले. काकाचा डावा दंड ट्रकच्या मागच्या बाजूला उघडतो त्या लोखंडी फाळक्यात चेमटला होता. त्याच्यावर आबांचा गमजा घट्ट गुंडाळलेला. मी विचारलं, "कशाने बांधलंय?"

"रगत लई येत हुतं. आवळून बांधलंय," आबा म्हणाले.

गमजा कोरडा दिसला, रक्त थांबलेलं दिसलं. मी तो सोडून बघायला हवा होता. बघितला नाही. ही माझी चूक, आणि तिच्यावर मी आजवर कोणाला पांघरूण घालू दिलेलं नाही.

गाडी निघाली. मानेत नाडी लागेना. रस्त्याने दणके बसत होते, शिवाय काकाची मान बैलासारखी. छाती हलतेय की नाही तेही कळेना. माझ्या बाजूला त्याचा डावा हात होता. मी मनगटावर तीन बोटं ठेवली.

लागली.

अगदी स्पष्ट. सावकाश, भरदार, बोटांना ढकलणारी. मी घड्याळावर नजर लावली आणि मोठ्याने सुरू केलं. लाभ... दोन... तीन... मिनिटाला बावन्न. शंका आली म्हणून दुसरा हात माझ्या मानेवर ठेवला. माझी धडधडत होती, एकशे सोळा. पट्टीवर लिहिलं, अकरा पन्नास, बावन्न. परत मोजले. परत बावन्न.

तुर्भे नाक्याच्या पुढे आबांनी काकाच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. "सुने, गार पडलाय गं त्यो. सोड आता. कशाला त्याचे हाल?"

"आबा, मोजताना बोलू नका!"

जन्मात पहिल्यांदा मी बापावर ओरडले. पुढून बाळारामदादा म्हणाला, "तू गन गो पोरी. गारी मी बघतो. मी हाय."

हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, विचारू नका. कॅज्युअल्टीत माणसांची रांग. डॉक्टर तरुणच होते, थकलेले. त्यांनी मानेला हात लावला, उजव्या मनगटाला लावला, छातीला नळी टेकवली न टेकवली आणि म्हणाले, "गेलेत हे. आणायच्या आधीच."

आबा मटकन खाली बसले.

मी डावं मनगट सोडलं नव्हतं. म्हटलं, "सर, नाडी बावन्न आहे. आत्ता चालू आहे."

"तू कोण?"

"ट्रेनी."

"मग ट्रेनीसारखी राहा. बाजूला हो."

"नाही होणार. एक मिनिट छातीवर नळी ठेवा. पूर्ण एक मिनिट. नसली तर मला हाकलून द्या, कोर्समधून काढा, काय करायचं ते करा."

त्यांनी रागानेच नळी ठेवली. मी मोजतच होते, तोंडाने. त्यांचे डोळे आधी माझ्यावर रोखलेले... मग हळूहळू घड्याळाकडे गेले. आणि एकदम ते ओरडायला लागले. ऑक्सिजन आणा, सलाइन लावा, सर्जनना बोलवा. नर्सला त्यांनी लिहायला सांगितलेला आकडा मी माझ्या कानांनी ऐकला. "बावन्न."

मी हात सोडला. तेव्हा कुठे रडू फुटलं.

वॉर्डबॉयने काकाच्या दंडावरचा गमजा कात्रीने कापला. आणि खाली सुतळी निघाली. गोणी शिवायची सुतळी. दंडाला चार वेढे आणि वर गोणीचं तोंड आवळतात ती गाठ. आबांच्या हातची गाठ... ती कधी सुटत नाही, मार्केटमध्ये नाव होतं त्यांचं. कातडीत इतकी रुतली होती की कात्रीचं टोक खाली जाईना, बारीक चिमट्याने उचलून कापावी लागली. सुतळीच्या खालचा सगळा हात काळानिळा, थंडगार.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "नाडी कुठे बघितलीस तू?"

मी मनगट दाखवलं. तिथेच परत बोटं ठेवली. काही नाही. लाकडाच्या ओंडक्यावर ठेवल्यासारखं.

"इथे लागणं शक्य नाही," ते म्हणाले. आवाज चढवून नाही, अगदी हळू. मला तेव्हाच पट्टा बांधलेले ते बारा हात आठवले.

संध्याकाळी काकाचा हात काढावा लागला. रक्ताची नळी फाळक्यातच तुटलेली होती, सुतळी नसती तर तो गाळ्यातच संपला असता, असं सर्जननी आबांना सांगितलं. म्हणजे सुतळी नसती तरी त्या मनगटात रक्त पोचलं नसतं. दोन-दोन ठिकाणी नळ बंद! आता बोला.

तुम्ही बोलणार, मला माहितीये. म्हणाल, तुझ्याच बोटांची नाडी असेल. माझी एकशे सोळा होती, त्याच वेळी मोजलेली. म्हणाल, भास झाला. मग भासाचा आणि डॉक्टरच्या नळीचा आकडा एकच कसा? म्हणाल, तू ओरडून मोजत होतीस म्हणून डॉक्टरला तसं ऐकू आलं. बरं, पण मग मुळात जिवंत असलेलं काळीज ऐकू आलं ना? आणि दुसऱ्या टोकाचे तुम्ही, देवदेव करणारे! तुमच्यासारख्या चौघीजणी त्या आठवड्यात घरी ओटी घेऊन आल्या होत्या, पोरीच्या हातात देवी आलीय म्हणून. दारातूनच परत पाठवल्या. माझ्या हातात तीन बोटं होती आणि शेलार सरांनी शिकवलेला धडा होता. देवीला यायचंच होतं तर थप्पी कोसळायच्या आधी यायचं.

सरांना मी सगळं सांगितलं, गमजा न सोडल्याची चूक धरून. त्यावरून त्यांनी वर्गासमोर मला असं झाडलं की विचारू नका. मग पट्टी मागून घेतली आणि कितीतरी वेळ बघत बसले. मी म्हटलं, "सर, हे खोडू का? परीक्षेच्या वहीत हे असं कसं लावणार?"

"जे लागलं ते लिहिलंस ना? मग खोडायचं नाही. कळत नाही म्हणून आकडा बदलायचा नाही."

महिनाभराने मी वॉर्डात काकाला भेटायला गेले. डावी बाही गुंडाळून पिन लावलेली. मी मान खाली घालून उभी. तो म्हणाला, "रडतीस कशाला? ऱ्हायलोय की एवढा." मग स्वतःच बोलला. "त्या हाताची मला सुदच न्हवती बघ. दुखत बी न्हवतं. लई झोप येत हुती. पर कोन तरी मोजत हुतं... लाभ, दोन, तीन. मोजनी चालू असताना मधीच गोन टाकत्यात व्हय? सगळी मोजनी पयल्यापास्नं करावी लागती. म्हनलं, मोजनाऱ्याचं होऊ दे."

मी त्याच्या उरलेल्या हातावर डोकं टेकून पोटभर रडले. तो नुसता थोपटत होता.

आता मी स्वतः पोरापोरींना शिकवते. सुतळीची गोष्ट दर वर्षी सांगते, कापड सोडून बघा म्हणून. नाडीची गोष्ट सांगत नाही. काय सांगू? सरांचा नियम खरा आहे, वरचा नळ बंद की खाली थेंब नाही, मी तोच शिकवते. आणि पिवळी पडलेली पट्टी माझ्या कपाटात आहे, तीही खरी आहे. दोन्ही खरं कसं, हे मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणालाही माहीत नाही, तेव्हा माहीत असल्याचा आव आणू नका.

काका गेल्या वर्षी गेला. म्हातारपणाने, घरी, भर दुपारी, सगळी माणसं भोवती. मी उशाशी होते. सवयीने माझी बोटं त्याच्या उजव्या मनगटावर गेली आणि ओठ हलायला लागले. त्याने डोळे उघडले.

"सुने," तो म्हणाला, "आता मोजू नगंस."

नाडी बोटांखाली लागत होती. मी तोंड मिटलं.