नऊ फुल्या

पंचवीस वर्षं मी बाबांना फसवत होते, तेही एका अक्षराच्या जिवावर. कधीतरी बिंग फुटेल ही धास्ती मनात कायम होती.

बाबा बंदरावरच्या गोदामात खोकी तपासायचे. परदेशातून आलेलं लाकडी खोकं उघडायचं, आतला माल एकेक करून बघायचा, परत खिळे ठोकायचे आणि काळ्या रंगात ब्रश बुडवून कोपऱ्यावर एक्स काढायचा. फुली पडली की खोकं पास. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माझ्या बापाला तेवढं एकच अक्षर यायचं, पण काढायचे असं झोकात की बघत राहावं.

मी नऊ वर्षांची असताना गणिताच्या वहीत एकाच पानावर नऊ गणितं चुकली. नऊ लाल फुल्या. वही गादीखाली दडवली, तर ती नेमकी बाबांच्याच हाती लागली. त्यांनी पान उजेडात धरलं, फुल्या मोजल्या आणि चेहरा असा खुलला की विचारू नका. "नऊच्या नऊ पास?" म्हणाले. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी बाबा वही शर्टाच्या आत घालून गोदामात घेऊन गेले, सगळ्यांना दाखवायला. तिथला कारकून चांगला शिकलेला. म्हटलं, आता माझं काही खरं नाही. संध्याकाळी बाबा आले ते खांद्यावर एक रिकामं खोकं घेऊन. ते उपडं ठेवलं आणि म्हणाले, हे तुझं टेबल, बस अभ्यासाला. कारकुनाचं नावही काढलं नाही. वाचले बाई, असं वाटलं. पण त्या टेबलाशी बसायची लाज वाटायची, आणि त्या लाजेपायीच मी गणितं घोटायला लागले.

तेव्हापासून बाबांना त्या अक्षराचं वेडच लागलं. खोक्यांवरची लेबलं कारकुनाकडून वाचून घ्यायचे आणि घरी येऊन मला बातमी द्यायचे. ग्रीक आणि रशियन माणूस त्याला 'ख' म्हणतो. पोर्तुगीज बऱ्याचदा 'श' म्हणतो. रोमन आकड्यांच्या घड्याळावर बसलं की त्याचं दहा होतं. जाईल त्या गावचा होऊन राहतो गडी, म्हणायचे. एकदा कळलं, इंग्रजी पत्राच्या शेवटी काढलं की त्याचा मुका होतो. त्या दिवशी आईच्या चहाच्या डब्यावर खडूने तीन फुल्या. अर्थ कळल्यावर पोरीसमोर लाज नाही वाटत का, म्हणून आई ओरडली खरी, पण डबा काही महिनाभर पुसला नाही. पुढे बीजगणितात मला ते भेटलं. मीच बाबांना सांगितलं, इथे एक्स म्हणजे जे अजून सापडायचं आहे ते. बाबा खूश झाले.

मी गणिताची बाई झाले. मागच्या महिन्यात त्याच खोक्याच्या टेबलाशी वर्गातल्या पोरींच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले होते. नुसतं उत्तर बघायचं आणि सटासट फुल्या मारायच्या. बाबा शेजारी बसून बघत होते.

"आत न बघताच?" त्यांनी विचारलं.

मी वैतागले. उत्तरच चुकलंय तर आत काय डोंबल बघायचं, असं तोडून बोलले.

"तुझ्या नऊ फुल्यांचा अर्थ कारकुनाने मला त्याच दिवशी सांगितला होता," बाबा म्हणाले. "सगळं गोदाम हसलं. घरी जाऊन दोन रट्टे द्यायचेच, असं ठरवून निघालो. वाटेत वही परत उघडली. एका गणितात फुली पहिल्या ओळीपाशी, एकात चौथ्या, एकात पार खाली. म्हणजे तुझ्या बाईंनी ओळन् ओळ तपासली होती. माझं काही कुणी कधी इतकं नीट बघितलं नाही गं. मग राग कुणावर काढू?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. बाबांनी गठ्ठ्यातली सगळ्यात वरची वही माझ्यापुढे सरकवली.

मी ती परत पहिल्या ओळीपासून वाचली. चूक पाचव्या ओळीत होती. तिथपर्यंत त्या पोरीने सगळं बरोबर केलं होतं.