बोगद्यात थांबलेली मालगाडी

आमच्या इमारतीत नाताळ साजरा करणारं घर एकच, चौथ्या मजल्यावरच्या काका-काकूंचं. ते मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. काका शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत. मी दहावीत असताना काकूंकडे इंग्रजी शिकायला जायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे इंग्रजीची भीती मला एकटीलाच नव्हती, ती घरात सगळ्यांची मिळून होती. काकूंनी ती बरीचशी घालवली. आणि इंग्रजी संपलं तरी मी जात राहिले, त्याचं कारण काकांची आगगाडी.

त्यांच्या हॉलचा अर्धा भाग एका टेबलाने व्यापलेला आहे. त्यावर रूळ, सांधे, छोटं स्टेशन, दोन पूल आणि जुनी वर्तमानपत्रं डिंकात भिजवून केलेला एक डोंगर. डोंगराच्या पोटातून बोगदा जातो. झाडं काथ्याची, हिरव्या रंगात बुडवलेली. इंजिन माझ्या तळहाताएवढं, पण खऱ्यासारखं. त्याला वीज रुळांतूनच मिळते, म्हणून रूळ सतत स्पिरिटने पुसावे लागतात. बोटाचा तेलकट डाग राहिला तरी गाडी आचके देते. गेली काही वर्षं ते पुसायचं काम माझ्याकडे आहे, कारण काकांना आता जवळचं नीट दिसत नाही. गाडीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा नवीनही मीच आणला, कॉलेजातून येताना उल्हासनगर कॅम्प एकमधून. दुकानदार म्हणाला, "ले जा बेटा, ओरिजिनल से अच्छा चलेगा." काकांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "ओरिजिनलसुद्धा उल्हासनगरातच बनवलेला असेल."

डिसेंबरमध्ये टेबलाच्या मधोमध काकू येशूच्या जन्माचा गोठा मांडतात आणि गाडी त्याच्याभोवती फिरते. या घराचा एक रिवाज आहे, तो दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. चोवीस तारखेच्या संध्याकाळी इमारतीतली मुलं येतात आणि मालगाडीच्या उघड्या वाघिणींत आपापला माल भरतात. माल म्हणजे आपल्याला जे हवं आहे त्याची खूण, नखापेक्षा मोठी नको. काय मागितलं ते बोलायचं नाही. गाडी गोठ्याभोवती तीन फेऱ्या मारते. तोवर कोणी वाघिणीला हात लावायचा नाही. मग ज्याने त्याने आपला माल उचलून घरी न्यायचा. पूर्वी सायकल हवी असलेल्या एका मुलाने चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण ठेवलं होतं. एकाने बिस्किटाचा तुकडा ठेवला. काकूंनी विचारलं, "हे काय रे?" तर तो म्हणाला, "बोलायचं नाहीये ना."

आमच्या घरात मागण्याची पद्धत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून नवस, अंगारे सगळं बंद. मी पहिल्यांदा काकांकडे नाताळला निघाले तेव्हा पप्पा म्हणाले होते, "जा, केक खा, गाडी बघ. मागायचं मात्र कोणाकडे नाही. हवं असेल तर अभ्यास कर." मला ते पटतं. मी विज्ञान शिकते. तरी दर वर्षी मी काहीतरी ठेवायचेच, पेन्सिलीचं टोक, खोडरबराचा कोपरा. ते सगळं परीक्षेचं होतं आणि परीक्षेचं मागताना फारशी भीती वाटत नाही.

त्या वर्षी मी पप्पांच्या कामाच्या शर्टाचं एक बटण ठेवलं.

पप्पा बदलापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार आहेत. ड्रम उतरवायचे, रिकामे करायचे, धुवायचे. त्यांचे शर्ट आई वेगळ्या बादलीत भिजवते. बाह्यांना बारीक भोकं पडलेली असतात, बटणांच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसतात. पावसाळ्यात त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका माणसाचे दोन्ही हात भाजले. तो आमच्याकडे चहाला आला होता. कप त्याला धरता येत नव्हता, म्हणून पप्पांनी तो त्याच्या तोंडाला लावला. बोलत होते दोघं कुठल्याशा लग्नाबद्दल. त्या दिवसापासून दुसरी पाळी संपून पप्पांचे बूट जिन्यात वाजेपर्यंत माझं पुस्तकात लक्ष लागत नाही. वारा आमच्या बाजूला असला की कधी सडक्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिशसारखा वास येतो. इमारतीतले लोक खिडक्या लावून घेतात आणि टीव्ही बघत राहतात. मी वासावरून पप्पा आज कोणत्या ड्रमपाशी असतील याचा अंदाज करत बसते. तो बरोबर असतो की नाही कोण जाणे.

माझं मागणं साधं होतं. पप्पांची ती कंपनी सुटावी. कशी सुटावी, ते मी ठरवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये सात-आठ मुलं होती. काकूंनी करंज्या तळल्या होत्या. बटण मी शेवटून तिसऱ्या वाघिणीत ठेवलं आणि नियंत्रकाची कळ हळूच फिरवली. गाडी निघाली. मुलं टेबलाच्या कडेला हनुवट्या टेकून बसली होती. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत इंजिन बोगद्यात शिरलं, पाठोपाठ वाघिणी शिरल्या, आणि दिवे गेले.

"गेली लाईट. ताई, गाडी आतच राहिली," एक मुलगा म्हणाला.

"येईल, येईल. थांबा," काकू म्हणाल्या.

मेणबत्ती लागायच्या आत कंपनीचा भोंगा सुरू झाला. पाळीचा भोंगा मला ओळखता येतो, तो एकदा लांब वाजतो आणि थांबतो. हा तुटक वाजत होता. आणि मग वास आला. रोजच्यातला नव्हता. घशाला ओरखडा काढल्यासारखा. सगळ्यात लहान मुलगी खोकायला लागली. काकांनी खिडक्या लावल्या, काकूंनी नॅपकिन ओले करून एकेकाच्या हातात दिले. "नाकाला धरा. खेळायचं नाही त्याने."

मी पप्पांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. प्लांटमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, गेटवरच्या कपाटात ठेवून आत जावं लागतं. हे मला पाठ होतं, तरी मी पुन्हा लावला. तेवढ्यात आई वर आली. पदर नाकाला, दुसऱ्या हातात फोन.

"उगाच घाबरू नको. मोबाईल कपाटात असेल त्यांचा," ती म्हणाली.

"हो."

"तू लावलास का?"

"लावला."

"मीपण लावला," ती म्हणाली आणि माझ्यासमोरच परत लावायला लागली.

मुलांमधला एक खिडकीपाशी जाऊन म्हणाला, "कंपनी फुटली वाटतं." कोणीतरी त्याला गप्प केलं. मला एवढंच कळत होतं की माझं बटण अंधारात, बोगद्यात आहे. पप्पांची कंपनी सुटावी म्हणून मी ते तिथे ठेवलं आहे. आणि माणसाची कंपनी सुटण्याचे जेवढे प्रकार असतात त्यातला एक हा पण आहे. असं काही नसतं, हे मला माहीत होतं. कंपनीतला अपघात आणि बटण यांचा काही संबंध नाही. पण माहीत असण्याचा त्या वेळी काही उपयोग झाला नाही.

मी टेबलावर वाकले आणि बोगद्याच्या तोंडात हात घातला.

"ताई, हात नाही लावायचा. तिसरी फेरी राहिलीये," एक मुलगा म्हणाला.

काका मेणबत्ती घेऊन जवळ आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दारात उभ्या आईकडे बघितलं. मग मेणबत्ती टेबलाच्या कडेला ठेवली आणि पाठ फिरवली. "काय काढायचंय ते काढ. मला तसंही दिसत नाही."

हात कोपरापर्यंत गेला. बोटांना वाघिणी लागत होत्या, कोणती माझी ते समजत नव्हतं. मी जोर केला तेव्हा डोंगराचा कागद कडेने फाटला, गाडी रुळावरून कलंडली. बटण सापडलं. ते मी मुठीत घट्ट धरलं. परत घेतलं, मनात म्हणाले, मी परत घेतलं. कोणाला म्हणाले ते माहीत नाही.

खोकणारी मुलगी रडायला लागली. "ताई, माझं पण काढ."

"माझं राहू दे, मला बॅट पाहिजेच आहे," तिसऱ्या फेरीची आठवण करून देणारा मुलगा म्हणाला.

तिचं मी काढून दिलं. बांगडीचा तुकडा होता. तिने काय मागितलं होतं आणि ती का घाबरली, ते मी विचारलं नाही.

नंतरचा वेळ आम्ही आमच्या घरी काढला. भोंगा थांबला होता, रस्त्यावर ॲम्ब्युलन्स जाताना ऐकू येत होत्या. आईने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायचं विसरली. शेजारचे येऊन काहीबाही सांगून जात होते. एकजण म्हणाला चार माणसं गेली, दुसरा म्हणाला कोणी नाही. आई प्रत्येकाला "बरं" म्हणत होती. मी एकदा म्हटलं, "आपण गेटवर जाऊ या का?" ती म्हणाली, "तिथे जाऊन तू श्वास कशाने घेणार?" मग तीच चप्पल घालून दारात उभी राहिली आणि परत आत आली.

पप्पा जेवणाच्या वेळी आले. चालत आले होते. अंगात शर्ट नव्हता, कोणाचं तरी जुनं स्वेटर होतं. डोळे लालभडक. आईने त्यांना नळाखाली बसवलं आणि डोक्यावर पाणी ओतत राहिली. ते एवढंच म्हणाले, "व्हॉल्व्ह गेला. आम्ही वाऱ्याच्या उलट्या बाजूला पळालो." पाणी थांबल्यावर म्हणाले, "बाजूच्या लाईनमधल्या दोघांना उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नेलं." मी टॉवेल धरून उभी होते. मला त्यांना हात लावावासा वाटत होता, पण आमच्यात तशी सवय नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनी तपासणीसाठी बंद झाली. किती दिवस, ते कोणी सांगेना. म्हणजे मी जे मागितलं होतं ते झालं होतं, परत घेऊनसुद्धा. पप्पा घरी होते. संध्याकाळी वास आला की मला दचकायचं कारण नव्हतं. पण मला त्यांना घरी बसलेलं बघवत नव्हतं. त्यांनी गळके नळ दुरुस्त केले, पंखे पुसले, गॅसची नळी बदलली. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेटपर्यंत जाऊन यायचे, नोटीस लागली का बघायला. रात्रभर खोकायचे आणि आई उठली की म्हणायचे, "थंडीचं आहे." दुसरीकडे काम बघतो म्हणून अंबरनाथला दोन-तीन ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी त्यांना वय विचारलं. एका ठिकाणी खोकला ऐकून बसायलाच सांगितलं नाही. हे त्यांनी आईला सांगितलं, मी आत पुस्तक उघडून बसले होते. मग मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटायला लागली. कंपनी उघडलीच नाही तर काय, याची. पहिली भीती गेली नव्हती. दोन्ही एकदम होत्या. कोणत्या भीतीच्या बाजूने उभं राहायचं, ते मला ठरवता येत नव्हतं.

जानेवारीत एका शनिवारी कंत्राटदाराचा फोन आला. सोमवारपासून या. पप्पांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"बाळा, तू काय म्हणतेस? जाऊ का?"

असा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. कोणतं कॉलेज, कोणता विषय, हे ते मला विचारायचे, पण ते माझ्याबद्दल असायचं. हे त्यांच्याबद्दल होतं. मी नको म्हटलं असतं तर ते बहुतेक गेले नसते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला तसं वाटलं आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"व्हॉल्व्ह बदलला का?" मी विचारलं.

"बदलला म्हणतात."

"मास्क?"

"नवीन देणार म्हणतात."

"म्हणतात म्हणजे?"

"म्हणजे म्हणतात," ते म्हणाले. "तू सायन्सवाली आहेस. मास्क लावला तर किती टक्के आत जातं?"

मला ते माहीत नव्हतं. शोधून सांगते, असं म्हणता आलं असतं. आई गव्हाचं पीठ चाळत होती, चाळणी थांबली होती.

"पाळी कोणती आहे?" मी विचारलं.

"पहिली."

"मग डबा मी करते."

पप्पांनी मान हलवली. चाळणी पुन्हा सुरू झाली. सोमवारी पहाटे मी चपात्या लाटायला घेतल्या तेव्हा एकही गोल होईना. ते मागे बुटाच्या नाड्या बांधत होते. माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून ते निघेपर्यंत मी ओट्याकडेच तोंड करून उभी राहिले.